वर्गणी आणि खंडणी

मागणे या एकाच क्रियेला आपल्या भाषेत किती नावे आहेत पाहा. बटूने मागितली तर ती भिक्षा, गरीब विद्यार्थ्याने मागितली तर माधुकरी, देवीच्या नावाने मागितला तो जोगवा. सार्वजनिक कामासाठी दहा घरांनी आपापला वाटा उचलला की ती वर्गणी. एकट्याने मोठी रक्कम दिली की देणगी. आणि न देण्याची सोयच ठेवली नाही, तर ती खंडणी. पैसा तोच असतो, पुष्कळदा मागणारे हातही तेच असतात. नाव बदलते ते देणाऱ्याला ‘नाही’ म्हणता येते की नाही, यावरून. आजचा लेख या एवढ्याच गोष्टीवर आहे.

निमित्त रोजचेच आहे. आमच्या पनवेलला स्टेशनबाहेर किंवा मॉलच्या दाराशी गळ्यात ओळखपत्र अडकवलेली मुलेमुली उभी असतात. “काका, फक्त दोन मिनिटं” म्हणत थांबवतात आणि आजारी मुलांचे किंवा तोडलेल्या जंगलांचे फोटो दाखवतात. दहा-वीस रुपये काढून दिले तर ते नको असतात. त्यांना हवी असते दरमहा खात्यातून रक्कम वळती होण्यासाठी तुमची संमती. दुसरीकडे श्रावण सरत आला की पावतीपुस्तके घेऊन मंडळांची मुले दारात येतात. दोघांविषयीही कुरकुर ऐकू येते. कुरकुर करण्याआधी आपल्याकडे मागण्याची रीत कशी घडत आली ते पाहावे, असे मला इतिहास शिकवण्याच्या सवयीमुळे वाटते.

माधुकरीपासून सुरुवात करू. माधुकरी मागणाऱ्या मुलाची घरे ठरलेली असत आणि वेळही ठरलेली असे. दारात उभे राहून एकदा पुकारायचे, जे झोळीत पडेल ते घ्यायचे आणि पुढच्या घरी जायचे. जास्त मागायचे नाही, कमी पडले तर तोंड वाकडे करायचे नाही. समर्थांनी दासबोधात चौदाव्या दशकात भिक्षेवर एक अख्खा समास लिहिला आहे. कोणी पुष्कळ आणून दिले तरी त्यातले थोडेच घ्यावे, हा त्यातला विचार. म्हणजे मर्यादा मागणाऱ्याने स्वतःवर घालून घ्यायची. इथे हिशेबाचा प्रश्नच नव्हता, कारण मिळालेली भाकरी त्याच दिवशी पोटात जात असे आणि देणाऱ्या बाईला ती कुठे गेली हे दिसत असे.

एकोणिसाव्या शतकात शाळा, आश्रम, कारखाने, परिषदा अशा कामांसाठी पैसे मागणे सुरू झाले, तेव्हा हे बदलले. पैसा चिपळुणात द्यायचा आणि काम पुण्यात व्हायचे. देणाऱ्याला दिसते ते फक्त मागणाऱ्याचे तोंड. अशा वेळी विश्वास कशावर ठेवायचा? यातूनच पावती, हिशेब आणि छापील अहवाल यांना महत्त्व आले. त्या काळच्या काही मोठ्या माणसांनी हा प्रश्न किती गंभीरपणे घेतला, हे त्यांच्या कामावरून कळते.

पहिले उदाहरण अंताजी दामोदर काळे यांच्या पैसा फंडाचे. कल्पना अगदी साधी होती. देशातल्या प्रत्येक माणसाने वर्षाला एक पैसा द्यावा आणि त्यातून देशी उद्योग उभे करावेत. शाळेत हे गणित मी मुलांना फळ्यावर करायला लावत असे. त्या वेळी रुपयाचे ६४ पैसे. देशाची लोकसंख्या ढोबळमानाने ३० कोटी धरली, तर ३० कोटी पैशांचे झाले ४६ लाख ८७ हजार ५०० रुपये. अर्थात सगळ्यांनी काही पैसा दिला नाही, तेवढी रक्कम कधीच जमली नाही. पण काळे गावोगाव हिंडले, लोकमान्य टिळकांनी या कामाला पाठबळ दिले आणि १९०८ साली तळेगाव दाभाडे येथे पैसा फंडाचा काच कारखाना सुरू झाला. परदेशात काचेचे तंत्र शिकून आलेले ईश्वरदास वार्ष्णेय तिथे आले. तिथे शिकून तयार झालेले कारागीर पुढे देशात ठिकठिकाणच्या काच कारखान्यांत गेले. त्याच वर्षी टिळकांना सहा वर्षांची शिक्षा होऊन त्यांना मंडालेला पाठवण्यात आले, तरी कारखाना चालू राहिला.

पैसा फंडाबद्दल बोलताना आपण कारखान्याचे कौतुक करतो. मला मात्र त्या एका पैशाचे जास्त वाटते. रक्कम इतकी लहान की द्यायला जड नाही, आणि न देणाऱ्यालाही लाज वाटावी अशी नाही. श्रीमंताचा पैसा आणि हमालाचा पैसा यादीत सारखाच. चार लोकांत कुणाची इज्जत काढून वसुली करण्याला या फंडात जागाच नव्हती.

दुसरे उदाहरण महर्षी कर्व्यांचे. कर्वे आपल्या कोकणातले, मुरूडचे. आश्रम काढण्याच्या बरेच आधी, तरुणपणीच त्यांनी ‘मुरूड फंड’ काढला होता. गाव सोडून नोकरीधंद्याला बाहेर पडलेल्या मुरूडकरांनी आपल्या मिळकतीतला ठराविक हिस्सा गावाच्या कामासाठी द्यावा, अशी ती योजना. पुढे १८९३ साली त्यांनी विधवेशी विवाह केला आणि त्याच गावाने त्यांना वाळीत टाकले. १८९६ साली त्यांनी अनाथ बालिकाश्रम स्थापला, १९०० साली तो हिंगण्याला नेला. फर्ग्युसनमध्ये गणित शिकवायचे, हिंगण्याला पायी जायचे आणि सुट्टीत गावोगाव फिरून वर्गणी गोळा करायची, असा त्यांचा क्रम होता. पैशापैशाचा हिशेब ठेवण्याबद्दल ते प्रसिद्ध होते.

यातली एक गोष्ट फारशी सांगितली जात नाही. कर्व्यांना स्वतःला विधवाविवाह मान्य होता, त्यांनी तो करून दाखवला होता. पण आश्रमाला पैसे देणाऱ्यांत अनेकजण असे होते की ज्यांना विधवांचे शिक्षण पटत होते, पुनर्विवाह पटत नव्हता. कर्व्यांनी आश्रम पुनर्विवाहाच्या चळवळीपासून वेगळा ठेवला. त्याबद्दल सुधारकांनी त्यांना नावे ठेवली, माघार घेतली म्हटले. मला ती माघार वाटत नाही. शिक्षणासाठी म्हणून घेतलेला रुपया शिक्षणावरच खर्च झाला पाहिजे, मग दुसरे काम आपल्याला कितीही प्रिय असो. १९२० साली विठ्ठलदास ठाकरसींनी महिला विद्यापीठाला १५ लाखांची देणगी दिली तेव्हा ती अटींसह दिली, आणि विद्यापीठाला त्यांच्या मातोश्रींचे नाव लागले. मोठा देणगीदार अटी घालू शकतो. चार आणे देणारा घालू शकत नाही. म्हणून त्याच्या वतीने ती अट मागणाऱ्यानेच पाळायची असते. कर्व्यांनी ती पाळली, आणि म्हणूनच सत्तरी उलटल्यावर, १९२९ पासून, ते युरोप, अमेरिका, जपान आणि आफ्रिकेत संस्थेची माहिती देत आणि मदत मागत फिरू शकले.

साताऱ्याकडे कर्मवीर भाऊराव पाटलांनी वसतिगृह चालवण्यासाठी गावोगाव धान्य गोळा केले. रोकड नसलेल्या घरातही मूठभर ज्वारी असते. शिवाय घरातला रुपया नवऱ्याच्या हातात असला तरी दळणातली मूठ बाजूला काढायला बाईला कुणाची परवानगी लागत नाही. ज्याच्याकडे जे आहे आणि जे त्याच्या ताब्यात आहे, तेच मागावे, हा एक फार शहाणा नियम यात आहे.

आता थोडे अडचणीचे उदाहरण. गांधीजींनी १८९४ साली दक्षिण आफ्रिकेत नाताळ इंडियन काँग्रेस स्थापन केली. वर्गणी, पावत्या आणि हिशेब यांविषयी त्यांनी आत्मकथेत बारकाईने लिहिले आहे. सार्वजनिक काम कर्ज काढून करू नये, पै न् पैचा हिशेब असावा, ही शिस्त त्यांनी तिथेच बाणवली. त्याच आत्मकथेत टोंगाट गावची हकीकत आहे. वर्गणीसाठी फिरत असता ते आणि सहकारी एका व्यापाऱ्याकडे उतरले होते. त्याने सहा पौंड द्यावेत अशी यांची अपेक्षा, तो तीनच्या वर जाईना. त्याचे पाहून इतरही कमी देतील ही यांना भीती. रात्र झालेली, सगळे भुकेलेले, पण वर्गणी मिळाल्याशिवाय जेवायचे नाही असे ठरले. रात्रभर सगळे बसून राहिले. पहाटे त्याने सहा पौंड दिले आणि सर्वांना जेवू घातले. या गोष्टीची ख्याती आसपासच्या गावांत पोहोचली आणि पुढची वर्गणी लवकर जमली, असे गांधीजी लिहितात.

ही गोष्ट वर्गात सांगितली की मुले हसत. त्यांना विजय दिसे. मी विचारत असे, तुमच्या घरी रात्री पाहुणे उपाशी बसून राहिले, तर तुमचे वडील ते पैसे खुशीने देतील का? मग वर्ग गप्प होई. गांधीजींनी त्या व्यापाऱ्याला शिवी दिली नाही, धमकी दिली नाही. काम चोख होते, पावती चोख होती. तरीही त्या रात्री त्या माणसाचा ‘नाही’ कुणी ऐकून घेतला नाही, असे मला वाटते. इतक्या मोठ्या, हिशेबाला पक्क्या माणसाच्या हातून हे होऊ शकते, यावरून हा मोह किती जबर आहे ते कळते. काम चांगले असले की समोरच्याचा नकार आपल्याला अडथळा वाटू लागतो. वाईट कामासाठी मागणाऱ्यापेक्षा चांगल्या कामासाठी मागणाऱ्याला हा धोका अधिक.

१९२१ साली टिळक स्वराज्य फंड झाला. ३० जूनपर्यंत एक कोटी रुपये जमवायचे काँग्रेसने ठरवले आणि ते जमलेही. एकट्या मुंबईने त्यातला तिसऱ्या हिश्श्याहून अधिक भार उचलला. बायकांनी अंगावरचे दागिने काढून दिले. पण पुढे या पैशाचे काय झाले याबद्दल वर्षानुवर्षे कुजबुज चालली, आणि काँग्रेसला हिशेब तपासून प्रसिद्ध करावे लागले. पैसे गोळा करायला काही महिने पुरतात, विश्वास टिकवायला मात्र पुढची कित्येक वर्षे लागतात.

आमच्या शेजारच्या पेण तालुक्यातल्या गागोद्याचे विनोबा. १९५१ साली पोचमपल्लीला भूदान सुरू झाले. तुम्हाला पाच मुलगे असतील तर मला सहावा समजा आणि माझा वाटा द्या, असे ते जमीनदारांना सांगत. मागण्याची याहून सुंदर रीत मला माहीत नाही. चाळीस लाखांहून अधिक एकर जमीन लोकांनी दिली. पण त्यातली बरीच खडकाळ किंवा तंट्यातली निघाली आणि बरीच भूमिहीनांपर्यंत पोहोचलीच नाही. मागणाऱ्याच्या चारित्र्याबद्दल शंका घ्यायला जागा नव्हती. वाटपाची यंत्रणा मात्र दानाच्या वेगाने उभी राहिली नाही. म्हणजे नुसता मागणारा सज्जन असूनही भागत नाही.

आता गणपतीची वर्गणी. १८९३ पासून सार्वजनिक गणेशोत्सव रुजला आणि आळीतल्या घराघरातून वर्गणी घेण्याची पद्धत पडली. जुन्या पनवेलमध्ये मागणारा कुणाचा मुलगा हे सर्वांना ठाऊक असे. तो फार बोलला तर दुसऱ्या दिवशी त्याच्या वडिलांना भेटता येई. वर्गणीत गडबड झाली तर ती मंडपातच कळे. त्या काळी दबाव नव्हता असे मी म्हणणार नाही, ओळखीचाही दबाव असतो. पण ओळख दोन्ही बाजूंनी होती. १८५२ सालची आमची नगरपालिका २०१६ साली महानगरपालिका झाली. खारघर, कळंबोली, कामोठे धरून शहर एवढे पसरले की दारात पावतीपुस्तक घेऊन उभ्या असलेल्या चौघांपैकी एकाचेही नाव आपल्याला माहीत नसते. दुकानदाराची तर आणखी पंचाईत. त्याच्या पावतीवर आकडा आधीच लिहून आणलेला असतो.

कायदा यासाठी नाही असे नाही. १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमात कलम ४१-सी आहे. धार्मिक किंवा धर्मादाय कामासाठी लोकांकडून पैसे गोळा करायचे तर त्यानुसार धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयाची परवानगी लागते आणि हिशेब द्यावा लागतो. भीती दाखवून पैसे काढणे हा तर सरळ गुन्हाच आहे. २०२४ च्या जुलैपर्यंत तो भारतीय दंड संहितेत होता, आता भारतीय न्याय संहितेत आहे. पण पोलिसात जावे इतकी उघड भीती सहसा कुणी घालत नाही. “काका, बाजूच्या दुकानानं पाच हजार दिले” एवढेच वाक्य असते. टोंगाटचीच युक्ती, फक्त उपास सोडून.

शाळेतही हे पाहिले आहे. ७ डिसेंबरला सशस्त्र सेना ध्वजदिन असतो, १९४९ पासून. छोटे ध्वज आणि डबे शाळांकडे येत आणि मुले ते घेऊन घरोघर जात. डबा बंद असे, मुलाने कुणाकडून किती घेतले हे कुणाला कळत नसे, मोजणी सर्वांसमोर होई. हे चांगलेच. पण काही वर्गांत सर्वांत जास्त रक्कम आणणाऱ्याचे नाव वाचून दाखवत. मग ज्याच्या वाडीत देणारेच नाहीत, त्या मुलाने खाली मान घालायची. माझ्या वर्गात मी डबे एकत्र मोजायला लावी आणि फक्त वर्गाचा आकडा सांगे.

रस्त्यावर थांबवून दरमहा देणगीची संमती घेण्याची पद्धत १९९० च्या दशकात ऑस्ट्रियातून सुरू झाली आणि युरोपभर पसरली. ब्रिटनमध्ये लोक इतके वैतागले की ‘दानधर्म’ आणि ‘लुटारू’ या अर्थाचे इंग्रजी शब्द जोडून या मुलांना एक कुत्सित नाव मिळाले. मग संस्थांनी स्वतःसाठी नियम केले. चालत्या माणसाबरोबर तीन पावलांपेक्षा जास्त जायचे नाही. दुकानाचे दार, एटीएम, स्टेशनचे प्रवेशद्वार यांपासून तीन मीटर दूर राहायचे. मागणारा पगारी असेल तर ते सांगायचे. २०१६ साली तिथे यासाठी स्वतंत्र नियामक संस्थाही स्थापन झाली. तीन पावले हा आकडा मला आवडला. माधुकरीवाल्या मुलाने एकदा पुकारून पुढे जायचे, तोच नियम त्यांनी टेपने मोजून लिहिला.

आमच्या कलम ४१-सीचा भर परवानगी आणि हिशेब यांवर आहे. समोरच्याच्या नकाराचे काय करायचे, हे त्यात नाही. पावतीमुळे मागणारा पैसे खाणार नाही एवढी खात्री होते, पण पैसे खुशीने दिले होते का, हे पावतीवर कधीच लिहिलेले नसते.

स्टेशनवरच्या मुलांविषयी माझ्या मनात राग नाही. बरीचशी नुकती शिकून बाहेर पडलेली असतात, दिवसाला इतकी नावे आणा असा आकडा त्यांच्या डोक्यावर असतो, उन्हात उभी असतात. त्यांच्याशी माणसासारखे बोलावे, पाणी विचारावे. पण तिथल्या तिथे खाते क्रमांक किंवा मोबाइलवर आलेला आकडा देऊ नये. “घरी जाऊन संस्थेची माहिती वाचतो, पटले तर स्वतः पैसे पाठवतो” हे उत्तर पुरेसे आहे. खरी संस्था या उत्तराने नाराज होणार नाही. नाराज झाली, तर आपले उत्तर बरोबरच होते. माझ्या वयाच्या मंडळींना मी हे मुद्दाम सांगतो, कारण आपल्याला तोंडावर ‘नाही’ म्हणणे जड जाते आणि हे समोरच्यांना शिकवलेले असते. दर महिन्याला कापला जाणारा पैसा बंद कसा करायचा, हे सुरू करण्याआधी विचारावे. आणि जवळचे काम जाऊन पाहावे. पनवेलहून नेऱ्याला कुष्ठरोग्यांसाठीचे शांतिवन आहे, ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहता येते. असे पाहून दिलेल्या शंभर रुपयांचे समाधान वेगळे असते.

मागणाऱ्यांनी काय करावे, हे जुन्या लोकांनी सांगूनच ठेवले आहे. रक्कम देणाऱ्याने ठरवावी. एकदाच विचारावे. शेजाऱ्याचा आकडा सांगू नये. ज्यासाठी घेतले त्यासाठीच खर्च करावे. स्वतः पगारी असाल तर लपवू नये. आणि न देणाऱ्यालाही प्रसाद तितकाच द्यावा.

आमच्या इमारतीतल्या मंडळाच्या मुलांना यंदा मी दोन गोष्टी सुचवल्या आहेत. नवी पावती फाडण्याआधी गेल्या वर्षीचा जमाखर्च जिन्याखालच्या फळ्यावर लावा. आणि वर्गणीदारांची यादी लावाल तेव्हा नुसती नावे लिहा, आकडे लिहू नका. पहिली सूचना त्यांनी लगेच मानली. दुसरीवर अजून चर्चा चालू आहे. आकडे नसतील तर कोण देईल, असे त्यांचे म्हणणे. मी त्यांना तळेगावच्या काच कारखान्याची गोष्ट सांगितली. बघू, काय ठरवतात ते.